आधार, अंगठा आणि खासगीपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधारमध्ये माझी नेमकी कोणती माहिती साठवलेली असते?

दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचा फोटो ही झाली शारीरिक ओळख. त्यासोबत नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि तुम्ही दिला असेल तर मोबाइल क्रमांक व ईमेल. जात, धर्म, भाषा, उत्पन्न किंवा आजारपणाचा इतिहास गोळा करायला कायद्यानेच मनाई आहे. बँकेतली शिल्लक, सातबारा, प्रवासाचा तपशील यातलं काहीही आधारच्या मध्यवर्ती साठ्यात नसतं. मात्र या प्रत्येक ठिकाणी तुमचा एकच क्रमांक नोंदवलेला असेल, तर त्या क्रमांकाच्या धाग्याने सगळं एकत्र ओवता येतं. खासगीपणाची खरी काळजी तिथून सुरू होते.

‘आधारचा डेटा फुटला’ अशी बातमी आली की माझे ठसे चोरीला गेले असं समजायचं का?

लगेच तसं समजू नका, पण बातमी सोडूनही देऊ नका. अशा बहुतेक बातम्यांमध्ये नाव, पत्ता, आधार क्रमांक, खाते क्रमांक असा तपशील बाहेर आलेला असतो, आणि तो मध्यवर्ती साठ्यातून नव्हे तर एखाद्या सरकारी खात्याच्या उघड्या पडलेल्या यादीतून किंवा एजंटाच्या लॉगिनमधून. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्रिब्यून’ने ५०० रुपयांत मिळणाऱ्या अशाच लॉगिनची बातमी दिली होती. बायोमेट्रिक माहिती, म्हणजे ठसे आणि बुबुळं, सुरक्षित आहे, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणाने (यूआयडीएआय) तेव्हा सांगितलं.

नोंदणी केंद्रावर घेतलेले ठसे तिथल्या तिथे कूटबद्ध होतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतात, आणि पुढे मध्यवर्ती साठ्यात जातात. या साठ्याची केंद्रं बंगळूरु आणि मानेसर इथे आहेत. तिजोरी भक्कम आहे हे मान्य केलं, तरी तुमचा अंगठा फक्त तिजोरीत नसतो. तो घराच्या खरेदीखतावर असतो, जुन्या कर्जाच्या कागदांवर असतो, काचेच्या पेल्यावरही असतो. आतापर्यंत सामान्य माणसाचं जे नुकसान झालं ते बहुतांशी तिजोरीबाहेर झालं आहे. म्हणून पुढची उत्तरंही मुख्यतः तिजोरीबाहेरच्या गोष्टींबद्दल आहेत.

पासवर्ड आणि ठसा यांत फरक काय?

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. शिवाय पासवर्ड एक तर बरोबर असतो किंवा चूक. ठशाची जुळणी अंदाजाची असते. यंत्र रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात ते बिंदू टिपतं, साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतं आणि साम्य ठरलेल्या पातळीच्या वर गेलं तर ‘हो’ म्हणतं. ही पातळी सैल ठेवली तर परका माणूस आत शिरतो, कडक ठेवली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारं यंत्र अस्तित्वात नाही. ‘बायोमेट्रिक म्हणजे शंभर टक्के खात्री’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

खरेदीखतावरच्या ठशावरून खात्यातून पैसे कसे निघू शकतात?

आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेला, म्हणजे एईपीएसला, तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा. एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही येत नाही. ज्या गावात बँकेची शाखा २० किलोमीटरवर आहे, तिथे ही सोय खरोखर मोलाची आहे. पण तिची कमजोरीही याच तीन गोष्टींत आहे.

आता दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला एखादा दस्त डोळ्यांसमोर आणा. लिहून देणाऱ्याचा फोटो, शेजारी डाव्या अंगठ्याचा निळसर ठसा, खाली सही आणि मागे जोडलेली आधारची झेरॉक्स. तीनपैकी दोन गोष्टी एकाच पुडक्यात मिळाल्या. बँकेचं नाव अंदाजाने टाकून पाहता येतं. देशात अनेक ठिकाणी अशा दस्तांच्या स्कॅन प्रतींवरून रबर किंवा सिलिकॉनचे नकली ठसे बनवून खाती रिकामी करण्याचे प्रकार उघडकीस आले. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये प्राधिकरणाने रेषांच्या बिंदूंसोबत बोटाची पूर्ण प्रतिमाही तपासून बोट जिवंत आहे का हे ओळखणारी पद्धत आणली. यंत्रांच्या बाबतीतही जुन्या ‘एल-झिरो’ स्कॅनरच्या जागी ‘एल-वन’ स्कॅनर आले. त्यांत ठसा यंत्राच्या आतच कूटबद्ध होतो, जोडलेल्या संगणकाला उघडा ठसा दिसत नाही. यामुळे धोका कमी झाला आहे, संपलेला नाही.

यातली सर्वांत गैर गोष्ट ही की खात्याला आधार जोडला की ही सेवा बहुतेकांच्या नकळत सुरू झालेली असते. ‘मला अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय हवी आहे’ असं खातेदाराने स्वतः सांगेपर्यंत ती बंद असायला हवी होती.

मग मी बायोमेट्रिक लॉक करावं का?

हो. रेशनसाठी दर महिन्याला अंगठा लावावा लागत नसेल तर आजच करा. पद्धत अशी:

१. मायआधार संकेतस्थळ किंवा एमआधार ॲप उघडा. आधार क्रमांक टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी द्या.
२. ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ हा पर्याय निवडा.
३. सूचना वाचून संमतीच्या चौकटीत खूण करा आणि पुढे जा.
४. त्याच पानावर परत येऊन कुलपाची स्थिती बदलली का ते पाहा. ही पायरी अनेक जण गाळतात. सर्व्हर अडकल्यामुळे लॉक झालंच नाही, हे त्यांना कळत नाही.

यानंतर तुमचे ठसे, बुबुळं आणि चेहरा यांपैकी कशानेही पडताळणी होणार नाही. कुणी प्रयत्न केला तर यंत्रावर ३३० हा त्रुटी क्रमांक येतो. ओटीपीची पडताळणी मात्र चालू राहते. अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं अनलॉक करायचं. ॲपमधून तात्पुरतं उघडलेलं कुलूप सुमारे १० मिनिटांनी आपोआप परत लागतं. म्हणून रांगेत उभं असताना नाही, आपला नंबर लागल्यावर उघडा.

मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसेल तर यातलं काहीच घरबसल्या जमत नाही. आधी नोंदणी केंद्रावर जाऊन क्रमांक जोडून घ्या आणि त्याच फेरीत ईमेलही नोंदवा.

लॉक केल्यावर लाडकी बहीण, पीएम किसान किंवा गॅसच्या अनुदानाचे पैसे थांबतील का?

नाही. हे पैसे तुमच्या आधार क्रमांकाला जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात, जमा होताना कुणाचा अंगठा लागत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की अनेक घरांत केवळ तेवढ्यासाठी लॉक केलं जात नाही.

अडचण येते ती अंगठ्याने काही करायला गेल्यावर. रास्त भाव दुकानातलं ई-पॉस यंत्र, निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, नवं सिमकार्ड, ग्राहक सेवा केंद्रातून पैसे काढणं, या चार ठिकाणी लॉक आड येतं. घरातले आजी-आजोबा स्वतः फोन चालवत नसतील तर कुलूप उघडून देणारा माणूस त्या दिवशी सोबत किंवा फोनवर असेल अशी सोय आधीच करा. तशी सोय नसेल आणि घरचं धान्य त्यांच्या अंगठ्यावर येत असेल, तर लॉक करू नका. त्याऐवजी त्यांच्या बँकेत लेखी अर्ज देऊन त्या खात्यावरची एईपीएस सेवा बंद करता येईल का ते विचारा.

बायोमेट्रिक लॉक आणि आधार लॉक एकच का?

नाही, आणि या गोंधळात पुष्कळ लोक अडकतात. बायोमेट्रिक लॉकने फक्त शरीराची ओळख बंद होते. आधार लॉकने १२ अंकी क्रमांकच पडताळणीसाठी बंद होतो: ठसा नाही, ओटीपी नाही, नाव-पत्त्याची जुळणीही नाही. त्यानंतर तुमचं काम फक्त १६ अंकी आभासी क्रमांकावर, म्हणजे व्हीआयडीवर चालतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी व्हीआयडी तयार करा, लिहून ठेवा, मग आधार लॉक करा. अनलॉक करताना तोच व्हीआयडी मागितला जातो. तो हरवला असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून १९४७ या क्रमांकाला ‘आरव्हीआयडी’, एक मोकळी जागा आणि आधारचे शेवटचे चार अंक असा एसएमएस पाठवल्यास परत मिळतो. नवा व्हीआयडी हवा असेल तर ‘जीव्हीआयडी’ लिहायचं. हे शब्द संदेशात इंग्रजी मोठ्या अक्षरांतच टाइप करायचे.

एका वेळी एकच व्हीआयडी चालू असतो, नवा काढला की जुना बाद होतो. व्हीआयडीवरून मूळ आधार क्रमांक काढता येत नाही. बहुतेकांना बायोमेट्रिक लॉक पुरेसं आहे. आपला क्रमांक नको त्या हातात पडल्याची खात्री असेल तरच आधार लॉककडे वळा.

लॉज, सोसायटी, क्लासवाले आधारची झेरॉक्स मागतात. द्यावी का?

ओळख पटवायचीच असेल तर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. आधारच हवं म्हणाले तर मास्क केलेलं आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. मायआधारवर ‘डाउनलोड आधार’मध्ये गेल्यावर मास्क केलेल्या प्रतीचा पर्याय मिळतो. उतरवलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून पूर्ण आधारची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणं सुरक्षित ठरत नाही.

कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं, मजकुराला छेदून लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. आणि झेरॉक्सच्या दुकानात फाइल ईमेल करून प्रिंट काढलीत, तर निघण्यापूर्वी त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून ती पुसून घ्या.

२७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने अगदी हेच सांगितलं होतं: झेरॉक्स वाटू नका, प्राधिकरणाचा परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना प्रती जमा करण्याचा अधिकार नाही. चुकीचा अर्थ निघू शकतो असं म्हणत दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. पत्रक गेलं तरी सल्ला योग्यच होता. आधार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार ऑफलाइन, म्हणजे मध्यवर्ती साठ्याला न विचारता, पडताळणी करणाऱ्याला तुमचा आधार क्रमांक किंवा बायोमेट्रिक साठवण्याची मुभा नाही.

झेरॉक्सशिवाय ओळख पटवायचा मार्ग आहे का?

आहे, आणि तो वापरला जात नाही याची खंत वाटते. आधारवरच्या क्यूआर कोडवर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. समोरच्याने तो अधिकृत ॲपने स्कॅन केला की नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता खरा की बनावट हे इंटरनेटशिवाय कळतं. झेरॉक्सवरून तर काहीच सिद्ध होत नाही, कारण छापलेलं नाव संगणकावर कुणीही बदलू शकतं. कागद गोळा करणाऱ्याला खात्री मिळत नाही आणि देणाऱ्याचा क्रमांक मात्र कपाटात पडून राहतो.

कोणकोणत्या संस्थांनी माझी पडताळणी केली हे कळतं का?

मायआधारवर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ पाहा. गेल्या ६ महिन्यांतल्या नोंदी दिसतात, एका वेळी जास्तीत जास्त ५०. प्रत्येक नोंदीत तारीख-वेळ, पडताळणीचा प्रकार, संस्थेचं नाव आणि यशस्वी की अयशस्वी हे असतं.

वाचताना दोन गोष्टी शोधा. एक, तुम्ही घरी असताना झालेली ‘बायोमेट्रिक’ नोंद. दोन, थोड्या मिनिटांत लागोपाठ अयशस्वी झालेले प्रयत्न: नकली ठसा चालतो का हे पाहणारा माणूस असाच माग सोडतो. संस्थेचं नाव अनोळखी वाटलं म्हणून लगेच घाबरू नका, कारण मोबाइल कंपनी किंवा बँक अनेकदा मधल्या संस्थेमार्फत पडताळणी करते. आधी वेळ जुळवा. वेळही जुळत नसेल तर त्या नोंदीतला व्यवहार क्रमांक उतरवून त्या संस्थेकडे आणि १९४७ वर तक्रार करा. महिन्यातून एकदा, वीजबिल भरताना, हे पान पाहायची सवय लावून घ्या.

सेवा केंद्रात अंगठा लावताना काय पाहावं?

काउंटरवरचा संवाद ओळखीचा असेल: ‘एरर आला, परत लावा.’ तुम्ही अंगठा पुसता, पुन्हा दाबता. पहिल्यांदा खरोखर त्रुटी आली होती की व्यवहार पूर्ण झाला होता, हे तुमच्या बाजूने दिसत नाही, कारण पडदा पलीकडे वळलेला असतो. म्हणून दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पडदा दाखवायला सांगा, किंवा पहिल्या प्रयत्नाची पावती मागा. अयशस्वी व्यवहाराचीही पावती निघते. मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा संदेश आला का ते पाहा. ‘केवायसी करायचंय’ म्हणून अंगठा मागितला तर पडद्यावर रकमेचा रकाना नाही ना, हे बघा. आणि कोऱ्या कागदावर शाईचा ठसा देऊ नका, कारण कोणतंही असो.

माझे पैसे अंगठ्यावरून गेले. आता काय?

वेळ हीच इथे किंमत आहे. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच तासात बायोमेट्रिक लॉक करा, कारण एकदा जमलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. त्यानंतर बँकेत लेखी तक्रार द्या आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा प्रकरणात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण मिटवायचं. ‘तुमचा अंगठा आहे म्हणजे तुम्हीच काढले’ असं काउंटरवर सांगितलं जातं. ते ऐकून परत फिरू नका. पडताळणीची नोंद, तो व्यवहार झालेल्या ठिकाणाचा तपशील आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात याचा पुरावा (हजेरीपट, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी) जोडून लेखी उत्तर मागा.

अंगठाच घेत नाही म्हणून रेशन नाकारलं. हाही खासगीपणाचा प्रश्न आहे का?

आम्ही तसं मानतो. शरीराचा पुरावा मागायचा आणि शरीराने तो दिला नाही तर हक्क काढून घ्यायचा, यात माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहेच. ऊसतोड, वीटभट्टी, सिमेंटचं काम, धुणीभांडी यांनी बोटांच्या रेषा झिजतात. उतारवयात त्वचा कोरडी पडते. ठसा सर्वांत आधी पुसट होतो तो ज्याला धान्याची सर्वाधिक गरज आहे त्याचा. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालातही झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के पडताळण्या अयशस्वी झाल्याचे अंदाज नोंदवलेले होते.

२४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात प्राधिकरणाने स्पष्ट केलं आहे की पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारायचा नाही. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंदवहीत अपवाद लिहायचा. दुकानात हे परिपत्रक सांगा. बोट ओल्या फडक्याने पुसून, दुसरी बोटं लावून पाहा, बुबुळाचं यंत्र किंवा ओटीपी मागा. तरी नकार मिळाला तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या. आणि सवडीने नोंदणी केंद्रावर जाऊन ठसे नव्याने घ्या, दहा वर्षांपूर्वीचा ठसा आजच्या बोटाशी जुळेलच असं नाही.

आधार कुठे सक्तीचं आहे आणि कुठे नाही?

पहिली आधारपत्रं २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिली गेली. कायदा आला २०१६ मध्ये. मधली वर्षं कोट्यवधी लोकांचे ठसे कायद्याविना घेतले गेले, हे विसरता कामा नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पाच जणांच्या पीठाने ४ विरुद्ध १ मतांनी आधार कायदा बऱ्याच अंशी वैध ठरवला. सरकारी अनुदान-लाभ आणि पॅन-प्राप्तिकर यांसाठी सक्ती टिकली. बँक खातं, सिमकार्ड आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती गेली. पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची तरतूदही गेली, सहा महिन्यांची मर्यादा आली. न्या. चंद्रचूड यांनी विरोधी मत नोंदवलं. पुढे एप्रिल २०१९ मध्ये जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली बायोमेट्रिक ओळख योजना रद्द करताना त्याच मताचा आधार घेतला.

खासगी संस्थांचं दार मात्र पूर्ण बंद झालेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकाच्या संमतीने आधार वापरायला मुभा मिळाली आणि ३१ जानेवारी २०२५ च्या नियमांनी मंजुरी घेऊन इतर संस्थांनाही. ‘संमतीने’ हा शब्द लक्षात ठेवा आणि नको असेल तर दुसरं ओळखपत्र घ्या असं लेखी सांगा.

पोलीस माझे ठसे आधारमधून मिळवू शकतात का?

ठसे आणि बुबुळं, नेहमीच्या तपासासाठी नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या आदेशाने पत्ता, फोटो, पडताळणीच्या नोंदी दिल्या जाऊ शकतात, त्यातही बायोमेट्रिक वगळलेलं आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाचा वेगळा रस्ता कायद्यात आहे, आणि तो रस्ता पुरेसा अरुंद नाही असं आमचं मत आहे.

लहान मुलांच्या आधारचं काय?

पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो आणि आई-वडिलांपैकी एकाच्या आधारची जोड. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात. एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे: १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आपलं आधार रद्द करण्याचा अर्ज देता येतो. मोठ्यांना असा पर्याय नाही.

नवा डेटा संरक्षण कायदा इथे मदत करतो का?

काही प्रमाणात. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या लागू झाल्यावर झेरॉक्स साठवणाऱ्या हॉटेलाला किंवा क्लासला ‘काम झालं, माझी प्रत नष्ट करा’ असं सांगण्याचा कायदेशीर हक्क मिळेल. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोठी वाट त्याच कायद्यात ठेवली आहे, आणि ज्या याद्यांमधून आधार क्रमांक बाहेर पडले त्यांतल्या कितीतरी सरकारी खात्यांच्याच होत्या. तुमचं नाव क्रमांकासह अशा एखाद्या यादीत उघड दिसलं तर पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, त्या खात्याला ते काढायला लेखी सांगा आणि प्राधिकरणाकडेही तक्रार करा. आधार क्रमांक असा जाहीर करायला कायद्याने बंदी आहे.